मुदत संपली, सवय राहिली: गाडीतील चालक-साहाय्यासाठी वेगळे पैसे द्यावेत का?

मिशिगनकर

गेल्या वर्षी आम्ही एक आलिशान गाडी घेतली. महामार्गावर हात सोडून चालवण्याची सोय काही महिने विनामूल्य असेल आणि पुढे हवी असल्यास दरमहा पैसे भरावे लागतील, हे डीलरने सांगितले होते आणि कागदावरही होते. त्यामुळे फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. परंतु मुदत संपल्यानंतरच्या पहिल्याच प्रवासात जे घडले, त्यावरून मनात आलेला प्रश्न येथे चर्चेसाठी मांडतो.

मिशिगनमधल्या नोव्हायहून शिकागोला जाण्यास साधारण साडेचार तास लागतात आणि त्यातला बहुतेक रस्ता आय-९४ या महामार्गाचा आहे. त्या शनिवारी कलमाझूच्या अलीकडे मी नेहमीप्रमाणे क्रूझचे बटण दाबले. गाडीने वेग धरला, पुढच्या ट्रकपासूनचे अंतरही व्यवस्थित राखले, आणि सवयीने माझे हात मांडीवर आले. रस्ता तेथे किंचित डावीकडे वळतो. गाडी मात्र सरळच जात राहिली. इशारा वाजला, पाठोपाठ उजव्या चाकांखाली कडेची खरखरीत पट्टी घरघरली आणि मी स्टिअरिंग पकडले. शेजारी बसलेल्या पत्नीच्या हातातील चहा तिच्या शालीवर सांडला, एवढ्यावरच निभावले. समोरच्या फलकावर एरवी उमटणारे हिरवे चिन्ह त्या दिवशी उमटलेच नव्हते. मुदत संपल्याची सूचना घरून निघतानाच पडद्यावर आली होती आणि मुलांना गाडीत बसवण्याच्या गडबडीत मी ती न वाचता बाजूला सारली होती. चूक माझी होती, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. कॅडिलॅकने २०१७ मध्ये सुपर क्रूझ ही हात सोडून चालवण्याची प्रणाली आणली. तीन वर्षे विनामूल्य आणि त्यानंतर महिन्याला २५ डॉलर असा हिशेब पुढे रूढ झाला. फोर्डने आपल्या तशाच ब्लूक्रूझचा मासिक दर ७५ डॉलरपर्यंत नेला होता, तो २०२४ मध्ये ५० डॉलरच्या आसपास आणला. टेस्लाने त्याच वर्षी अमेरिकेतील ग्राहकांना आपली प्रणाली महिनाभर विनामूल्य वापरू दिली आणि वर्गणी १९९ डॉलरवरून ९९ वर उतरवली. पैसे घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. हात पूर्णपणे सोडता येणे ही चैन आहे आणि चैनीचे दाम मोजावेत. मात्र हात स्टिअरिंगवर असताना गाडीने स्वतःला लेनच्या मध्यात धरून ठेवणे ही सोय त्याच वर्गणीत बांधून मुदत संपताच तीही काढून घेणे मला अनुचित वाटते. कित्येक महिने हाताला एक वळण लावायचे आणि मग एका सकाळी त्या वळणाखालचा आधार काढून घ्यायचा, हा व्यवहार रस्त्यावर होत असल्यामुळे त्याची झळ शेजारच्या लेनमधल्या माणसालाही बसू शकते.

नकाशाकार

मिशिगनकर, तुम्ही सर्व जण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मी स्वतः रस्त्यांच्या नकाशांच्या कामात आहे, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असेल हे आधीच सांगतो.

हात सोडण्याची सोय एकदा गाडीत भरली आणि काम संपले, अशी वस्तू नाही. सुपर क्रूझसारखी प्रणाली ज्या रस्त्यांचे लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राने, बारकाईने मोजमाप झाले आहे अशाच रस्त्यांवर चालते. २०२२ मध्ये त्या रस्त्यांचे जाळे ४ लाख मैलांवर नेण्याचे जाहीर झाले आणि २०२४ मध्ये साडेसात लाख मैलांचे उद्दिष्ट सांगितले गेले. मिशिगनमध्ये उन्हाळा आला की रस्तेदुरुस्तीची नारिंगी पिंपे रस्त्यावर उतरतात, लेन डावीकडे सरकवल्या जातात, एखादा उतार-मार्ग बंद होतो आणि दुसरा नव्याने उघडतो. हे सगळे गाडीला कळावे म्हणून कोणालातरी तो रस्ता पुन्हा मोजावा लागतो आणि ती माहिती प्रत्येक गाडीपर्यंत पोहोचवावी लागते. हा खर्च दरमहा होतो, म्हणून त्याची वसुलीही दरमहा होते. तो गाडीच्या किमतीत मिसळला, तर ज्यांची गाडी घर, कार्यालय आणि किराणा दुकान यांच्या पलीकडे जात नाही त्यांनाही तो सोसावा लागेल.

आता सुरक्षिततेबद्दल. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे आयआयएचएसच्या, अभ्यासानुसार आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी होतात. त्याच संस्थेने २०२४ मध्ये असेही सांगितले की लेन आणि वेग दोन्ही सांभाळणाऱ्या प्रणालींमुळे अपघात कमी होतात याचा पटण्याजोगा पुरावा मिळालेला नाही आणि त्यांच्याकडे सोय म्हणून पाहणे योग्य ठरेल. तुमची मुदत संपल्यावरही ब्रेकची यंत्रणा आणि लेन सुटल्याचा इशारा गाडीत राहिलाच, किंबहुना त्या इशाऱ्यानेच तुम्हाला सावध केले. जे खरोखर जीव वाचवते ते काढून घेतलेले नाही.

एकरकमी किमतीपेक्षा वर्गणी ग्राहकाच्या हिताची ठरते, असेही मला वाटते. टेस्लाच्या प्रणालीची एकरकमी किंमत २०२२ मध्ये १५,००० डॉलरपर्यंत चढली होती आणि २०२४ मध्ये ती ८,००० वर आली. ज्यांनी शिखरावर असताना पैसे भरले त्यांच्या हाती काय उरले? महिन्याचे पैसे भरणारा माणूस केव्हाही थांबू शकतो.

जर्सीवाला

नकाशांचा खर्च मला मान्य आहे, पण त्या एका खऱ्या खर्चाच्या आडोशाने काय काय विकले जाते तेही पाहावे. २०२२ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूने आसन गरम करण्यासाठी महिन्याला सुमारे १८ डॉलर आकारायचे ठरवले. आसनातील तारा कारखान्यातच बसवलेल्या होत्या. मर्सिडीजने त्याच वर्षी अमेरिकेत आपल्या विजेवरील गाड्यांना अधिक जोर मिळावा म्हणून वर्षाला १,२०० डॉलरची योजना जाहीर केली. त्याआधी जर्मनीत तिच्या ईक्यूएस गाडीची मागची चाके साडेचार अंशांऐवजी दहा अंशांपर्यंत वळावीत यासाठी वर्षाला ४८९ युरो मागितले गेले. चाके तीच, मोटार तीच, धुरा तोच. पैसे भरले नाहीत तर तो अर्धाच वळायचा. यात कोणता रस्ता नव्याने मोजावा लागतो?

आमच्या न्यू जर्सीत २०२२ मध्ये यासंबंधी एक विधेयक मांडले गेले होते. विक्रीच्या वेळीच गाडीत बसवलेले सुटे भाग वापरून चालणाऱ्या आणि उत्पादकाला पुढे काही खर्च न पडणाऱ्या सोयींसाठी वर्गणी घेऊ नये, असा त्याचा आशय होता. मला ही कसोटी योग्य वाटते. गाडीला लेनच्या मध्यात ठेवण्याचे काम काचेमागचा कॅमेरा करतो, त्याला रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसतात आणि हा सगळा हिशेब गाडीतच होतो. मागच्या हिवाळ्यात खडा लागून माझ्या गाडीची पुढची काच तडकली, तेव्हा नव्या काचेवर तो कॅमेरा पुन्हा जुळवून घेण्याचे वेगळे पैसे मी भरले. कॅमेरा बिघडला की तो माझा आणि त्याला लेन दिसली की ती कंपनीची, ही विभागणी मला पटत नाही.

ग्राहकांनी नकार दिला की कंपन्या मागे हटतात, हेही लक्षात ठेवावे. ॲपल कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर घेणे बीएमडब्ल्यूने २०१९ मध्ये थांबवले आणि गरम आसनांची वर्गणी २०२३ मध्ये. मिशिगनकर, तुम्ही हात सोडण्याच्या सोयीपुरते पैसे मान्य करून अर्धी लढाई आधीच सोडून दिली आहे.

नकाशाकार

काचेचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण ब्रेकची यंत्रणाही बहुधा त्याच कॅमेऱ्यावर चालते आणि वर्गणी असो वा नसो, तो जुळवून घ्यावाच लागतो. धुऱ्याबद्दल मात्र तुमचे म्हणणे योग्य आहे. त्या प्रकाराचे समर्थन मी करणार नाही.

पारिजात

मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळे काही सांगायचे आहे. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अनेक वर्षे ॲरिझोनात राहतात. नव्या गाडीतील ही सोय त्यांना फार आवडली. एकदा फिनिक्सहून टूसॉनला जाताना मी मागे बसले होते. आई त्यांना संत्रे सोलून देऊ लागली, तर बाबा म्हणाले, "दे इकडे, मला काय काम आहे?" ताशी सत्तर मैल वेगाने धावणाऱ्या गाडीत त्यांनी दोन्ही हातांनी अख्खे संत्रे सोलले आणि साली गुडघ्यावरच्या रुमालावर नीट रचून ठेवल्या. नजर बहुतेक वेळ समोर होती, त्यामुळे चालकावर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने काहीच तक्रार केली नाही. त्या क्षणी पुढे काही आडवे आले असते, तर त्या चिकट बोटांनी स्टिअरिंग किती वेळात हाती आले असते, याचा विचार करत मी टूसॉनपर्यंत गेले.

त्यांची मुदत संपली तेव्हा वर्गणी भरायला मी त्यांना परावृत्त केले. आयआयएचएसने २०२४ मध्ये अशा १४ प्रणाली तपासल्या, त्यांत चालकाला सजग ठेवण्याच्या बाबतीत ११ प्रणाली निकृष्ट ठरल्या आणि केवळ एक स्वीकारार्ह ठरली. या सर्व प्रणालींमध्ये जबाबदारी कायद्याने चालकाचीच असते. मग मिशिगनकरांच्या हाताला लागलेली सवय टिकवून ठेवण्यासाठी ही सोय कायम द्यावी, या युक्तिवादाने मी अस्वस्थ होते. ती सवय लागूच नये, म्हणजेच विनामूल्य मुदतच नसावी, असे माझे मत आहे. ज्याला हवे त्याने पहिल्या दिवशी विचारपूर्वक पैसे मोजून घ्यावे आणि देताना डीलरने तासभर शेजारी बसून शिकवावे.

चाकणकर

भारतातून थोडे. आमच्याकडे २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सोबत, जी आमच्या चाकणलाच बनली, ॲडास हा चालक-साहाय्य यंत्रणांसाठीचा शब्द घराघरांत पोहोचला. येथे ही सोय सहसा वरच्या व्हेरियंटमध्येच मिळते आणि किंमत एकदाच, गाडी घेतानाच, मोजावी लागते. ऐकायला हे स्वच्छ वाटते. प्रत्यक्षात ब्रेकची यंत्रणा हवी असेल तर सनरूफ, मोठे पडदे आणि महागडे स्पीकरही घ्यावे लागतात, आणि ज्याचे अंदाजपत्रक मधल्या व्हेरियंटपाशी संपते त्याला जीव वाचवणारी यंत्रणाही मिळत नाही.

पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर पट्टे स्पष्ट असतात, तेथे लेन सांभाळणारी यंत्रणा चांगली चालते. सातारा–कोल्हापूर रस्त्याच्या रुंदीकरणात मात्र जुने आणि नवे पट्टे एकमेकांवर आलेले दिसले की मी ती स्वतःच बंद करतो. वर्षातून चार वेळा मुंबईला जाणाऱ्या माझ्यासारख्याला त्या चार महिन्यांचे पैसे भरणे परवडेल. अट एकच: आपोआप लागणारा ब्रेक सर्वांत खालच्या व्हेरियंटमध्येही असावा.

दुसरा मालक

वापरलेली गाडी घेणाऱ्यांचा विचार अजून कोणी केला नाही. २०२० मध्ये अमेरिकेत एका ग्राहकाने डीलरकडून वापरलेली टेस्ला घेतली. जाहिरातीत ऑटोपायलटच्या सोयी होत्या, पण कंपनीने त्या दुरूनच काढून टाकल्या होत्या. वृत्तांमधून गवगवा झाल्यावर त्या परत मिळाल्या. ज्याच्या बाबतीत गवगवा होत नाही त्याने गाडी पाहताना नेमके काय तपासायचे? वर्गणी हवी तर घ्या, पण मालक बदलताना गाडीसोबत काय जाते आणि काय मागे राहते, हे विक्रीच्या कागदावर लिहिलेले असावे.

मिशिगनकर

सर्वांचे आभार. पारिजात, तुमच्या वडिलांचा प्रसंग मी पत्नीला वाचून दाखवला. तिचेही मत तुमच्याच बाजूचे आहे आणि शिकागोच्या त्या फेरीनंतर ती स्वतः चालवताना क्रूझही लावत नाही. हात सोडण्याच्या सोयीबद्दल तुमचा आक्षेप मला मान्य आहे. हात ठेवून चालणारी सोय मात्र मी त्यात धरत नाही, कारण चार तासांच्या प्रवासात ती खांद्यांवरचा ताण हलका करते आणि चालकाला स्टिअरिंगपासून दूर नेत नाही. ती कॅमेऱ्यावर चालते, गाडीतच चालते, आणि जर्सीवाल्यांची कसोटी तिला पूर्णपणे लागू पडते. नकाशाकारांनी सांगितलेला खर्च तिच्यासाठी होत नाही, म्हणून त्यांनीच याबाबत स्पष्ट मत द्यावे अशी विनंती आहे.

कायद्याने घातलेली मर्यादाही मी पाहिली. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक आणि गाडी लेनबाहेर जाऊ लागताच तिला आत ओढणारी आपत्कालीन यंत्रणा सक्तीची आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार ब्रेकची सक्ती सप्टेंबर २०२९ पासून व्हायची असे ठरले. म्हणजे धडकेच्या अगदी आधीचा क्षण कायद्याने सुरक्षित केला. त्याआधीचे चार तास बाजारावर सोडले.

मी अद्याप वर्गणी भरलेली नाही. डीलरला पत्र लिहून दोन गोष्टी मागितल्या आहेत. मुदत संपली तरी हात ठेवून चालणारी सोय राहावी, आणि मुदत संपल्याची सूचना गाडी सुरू करताना पडद्यावर न येता, त्यानंतर पहिल्यांदा क्रूझचे बटण दाबताच मोठ्या आवाजात ऐकू यावी व ती ऐकल्याशिवाय क्रूझ लागू नये.

नकाशाकार

दुसऱ्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ती पुरवायला फारसा खर्च नाही आणि ती आधीच असायला हवी होती. पहिल्या मागणीबाबत स्पष्ट मत विचारलेत, तर सांगतो: कॅमेऱ्याच्या त्या आज्ञावलीतही चुका सापडतात आणि त्या दुरुस्त करणारी माणसे दरमहा पगार घेतात, त्यामुळे तिचा पुढचा खर्च शून्य आहे हे मला मान्य नाही. तो गाडीच्या किमतीत धरावा की वेगळा घ्यावा, यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही. पत्राचे उत्तर आले तर येथे अवश्य लिहा.