झीयिन बिंदू आणि पायाळू बाळ

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीला तेहतिसावा आठवडा चालू असून सोनोग्राफीत बाळ पायाळू असल्याचे दिसले आहे. ओळखीच्या एका अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञांनी पायाच्या करंगळीवरील झीयिन बिंदूला मॉक्साचा (पेटवलेल्या औषधी पानांच्या कांडीचा) शेक द्यायला सुचवले आहे. पोटातल्या बाळाचा करंगळीशी संबंध कसा लावतात आणि हा उपाय कितपत भरवशाचा आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: चिनी वैद्यकात शरीरातून प्राणशक्ती वाहण्याचे मार्ग मानतात; झीयिन हा त्यांतील मूत्राशय-मार्गावरील ६७वा आणि शेवटचा बिंदू. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी निघालेला हा मार्ग डोक्यावरून व पाठीवरून उतरत करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी संपतो. म्हणूनच डोकेदुखी, डोळ्यांचे दुखणे आणि चोंदलेले नाक यांवरही चिनी वैद्य तो वापरत आले आहेत. या मार्गाची जोडी मूत्रपिंड-मार्गाशी मानतात आणि प्रजननाची शक्ती मूत्रपिंडात असते अशी त्यांची धारणा आहे. त्यामुळे अडलेली प्रसूती, न पडलेली वार आणि पायाळू मूल यांसाठी हाच बिंदू सांगितला जातो. बाळ वळवण्यासाठी सहसा सुई टोचत नाहीत. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या वाळवून कुटलेल्या पानांची कांडी पेटवून, त्वचेला न टेकवता, ऊब सोसेल इतक्या अंतरावर दोन्ही पायांना साधारण पंधरा-पंधरा मिनिटे धरतात.

प्रतिसाद २: १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, चीनच्या जियांगशी प्रांतातील चाचणीत २६० पहिलटकरणी होत्या. शेक घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींच्या बाळांचे डोके ३५व्या आठवड्यात खाली आलेले होते. शेक न घेतलेल्या १३० जणींमध्ये हा आकडा ६२ होता. हा दुसरा आकडाही विसरू नये, कारण इतकी बाळे आपणहून वळली. पुढे इटलीतील चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि तिच्यात असा फरक आढळला नाही.

प्रतिसाद ३: ताई, प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, जुळी असतील किंवा आधीचे सिझेरियन असेल, तर हा प्रयोग घरी नकोच. बाळ वळले नाही, तर ३६-३७व्या आठवड्याच्या सुमारास पोटावरून हाताने बाळ वळवता येईल का, हेही त्यांना विचारा. त्यांनी शेकाला होकार दिला, तर खिडक्या उघड्या ठेवा, कारण धूर बराच होतो. या दिवसांत पोटामुळे बहिणीचा हात करंगळीपर्यंत पोहोचणार नाही. कांडी दुसऱ्या कोणीतरी धरावी आणि राख वेळोवेळी वाटीत झाडावी, म्हणजे निखारा पायावर पडणार नाही.