सेल्स टॅक्स: इलिनॉय, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनातलं खातं आता बंद करता येईल का?

समईवाली
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या ग्रुपात काढला असेल तर हलवा.

मी न्यूजर्सीत राहते. घरातूनच पितळी समया, निरांजनं, ताम्हणं विकते, गणपती-दिवाळीला आकाशकंदील. काही विक्री एट्सी या ऑनलाइन बाजारावर, काही शॉपिफायवर उघडलेल्या स्वतःच्या साइटवर. एट्सीवरचा टॅक्स एट्सीच गोळा करून त्या त्या राज्याला भरते, त्याची कटकट नाही. कटकट साइटची.

अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या वेफेअर निकालापासून (जून २०१८) आपलं दुकान नसलेल्या राज्यातही विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेली की टॅक्स गोळा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी मर्यादा १ लाख डॉलर, काही ठिकाणी "किंवा २०० ऑर्डरी". लाख कुठले, मी या २०० मध्ये अडकले! निरांजनाची जोडी १८ डॉलरला. अशा २०० जोड्या म्हणजे ३,६०० डॉलर, आणि तेवढ्यावर सरकारी नोंदणी. २०२३ मध्ये इलिनॉयमधून २११ आणि नॉर्थ कॅरोलायनातून २०७ ऑर्डरी आल्या, २०२४ मध्ये जॉर्जियातून २०३. तिन्हीकडे नोंदणी केली.

२०२५ मध्ये विक्री बसली. साइटवरून इलिनॉय ८८, जॉर्जिया ६१, नॉर्थ कॅरोलायना ३४. रिटर्न मात्र तेवढीच. परवा एका तिमाहीचं रिटर्न भरायला पाऊण तास लागला, आणि टॅक्स किती? ११ डॉलर ४० सेंट.

माझी चूकही सांगते. २०२४ ला सॅन होजेच्या बीएमएम (बृहन्महाराष्ट्र मंडळ) अधिवेशनात स्टॉल लावला होता, त्यासाठी कॅलिफोर्नियाचा तात्पुरता परवाना काढला. रिटर्न भरलं, मुदत संपली, विषय संपला. मला वाटलं सगळीकडे असंच असतं. म्हणून या तिघांपैकी एका राज्यात विक्री नव्हती त्या तिमाहीचं रिटर्न भरलंच नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं: तुम्ही रिटर्न न भरल्यामुळे आम्हीच तुमचा टॅक्स अंदाजे ठरवला आहे, दंडासह भरा. निस्तरलं, पण धसका बसलाय.

तर आता ही खाती बंद करता येतील का? आणि कोणत्या तारखेपासून?

आकडेमोड
मी लहान धंद्यांचे सेल्स टॅक्स बघतो. एकेक राज्य घेऊ, कारण तिघांचं मोजमाप सारखं नाही.

नॉर्थ कॅरोलायनाने २०० ऑर्डरींची अट १ जुलै २०२४ पासून काढून टाकली. आता फक्त १ लाख डॉलर, चालू किंवा मागच्या कॅलेंडर वर्षात. तुम्ही तिथे दीड वर्ष उगाच रिटर्न भरताय. अट गेली म्हणून खातं आपोआप बंद होत नाही, कोणी कळवतही नाही.

जॉर्जियात २०० ची अट अजून आहे, चालू किंवा मागच्या वर्षासाठी. २०२४ मध्ये २०३ झाल्या म्हणून पूर्ण २०२५ तुम्ही बांधलेल्या होतात, विक्री कितीही बसली तरी. १ जानेवारी २०२६ पासून मागचं वर्ष म्हणजे २०२५. एट्सीवरून जॉर्जियात किती गेल्या?

इलिनॉय दर तिमाहीच्या शेवटी मागचे १२ महिने बघतं, आणि मर्यादा ओलांडली की पुढचं एक वर्ष गोळा करायला लावतं. एट्सीसारख्या बाजारातली विक्री त्यात धरत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून तिथलीही २०० ची अट गेली. म्हणजे कागदावर तुम्ही मोकळ्या.

पण हे सगळं तुमचं त्या राज्यात काही नसेल तरच. माल, माणूस, गोदाम?

डॅलसकर
आमच्या टेक्ससमध्ये मर्यादा ५ लाख आहे, पण परवाना असेल तर शून्य रिटर्न उशिरा भरलं तरी ५० डॉलर दंड. हौस म्हणून कुठेही नोंदणी करू नका हो.

समईवाली
एट्सीवरून जॉर्जियात ४०. धरल्या तरी १०१ च होतात.

आणि माल... अहो, इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला नणंदेच्या गॅरेजमध्ये तीन खोकी समया पडल्यात. शिकागोकडच्या ऑर्डरी ती परस्पर पाठवते. तेसुद्धा मोजतात का??

आकडेमोड
तेच तर आधी मोजतात. राज्यात तुमचा माल ठेवलेला आहे म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष तिथे आहात. मग मर्यादेचा प्रश्नच उरत नाही, पहिल्या समईपासून टॅक्स. इलिनॉयला आत्ता हात लावू नका. खोकी विकून संपवा किंवा घरी मागवा, आणि मागवलीत तर कुरिअरची पावती जपून ठेवा.

बाकी दोघांना एक तारीख ठरवा, ३१ जानेवारी धरा. त्या दिवसापर्यंत टॅक्स गोळा करा. त्याच रात्री शॉपिफायमध्ये त्या राज्याची टॅक्सवसुली बंद करा. आधी नाही, नंतरही नाही. चुकून नंतर कोणाकडून टॅक्स घेतला गेला, तर तो पैसा राज्याचा. एकतर ग्राहकाला परत करा नाहीतर राज्याला पाठवा, खिशात राहता कामा नये. मग शेवटचं रिटर्न भरून पोर्टलवर खातं बंद करायचा अर्ज करा. आणि त्याआधी जुनी सगळी रिटर्न पीडीएफ करून उतरवून घ्या.

न्यूजर्सीचं खातं मात्र यात धरू नका. तिथे तुम्ही राहता, साइट चालू आहे तोवर एसटी-५० (तिथलं सेल्स टॅक्सचं रिटर्न) दर तिमाहीला भरायचंच, एकही समई विकली नाही तरी.

समईवाली
खूप आभार! नणंदेला फोन केला. म्हणाली, खोकी ने बाई, गाडी उभी करायला जागा नाहीये. पाडव्याआधी इलिनॉयचंही बघते.

दोन्ही राज्यांच्या साइटवर आज शिरले. एकीकडे 'खाते बंद करा' लगेच सापडलं. दुसरीकडे पासवर्डच चालेना.