विमान उडवायच्या आधीची तपासणी राहिली तर खरंच अपघात होतो का?

उजळाईवाडीकर:
नमस्कार मंडळी, भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, सेसना १७२ वर, सुट्टीला कोल्हापुरात आलाय. परवा सहज म्हणाला, मामा, उशीर झाला की काही पोरं विमानाभोवतीची फेरी नुसती मारल्यासारखी करतात. तेव्हापासनं झोप नाही. एवढ्यानं विमान पडतंय काय? जाणकारांनी सांगा.

पंखवेडा_कोल्हापूर:
मामा, पडतंय. ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत राईट फील्डवर बोईंगचं मॉडेल २९९. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे हलते भाग आपटू नयेत म्हणून लॉक लावतात, तो काढायचा राहिला, विमान उचललं, नाक वरच जात राहिलं, स्टॉल होऊन, म्हणजे पंखांचा उचलायचा जोरच संपून, खाली. चालवणारे लै कसलेले होते तरी दोघं गेले, चेकलिस्ट रुजली ती त्याच्यानंतर. आणि २०१४ ला अमेरिकेतच बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट, परत तोच लॉक, सातजण गेले. टेकऑफच्या आधी स्टिअरिंग चारी बाजूंनी पूर्ण फिरवून बघितलं असतं तर जागेवरच कळलं असतं की हो.

वैमानिक_ताई:
मी शिकवते, म्हणून पेट्रोलचं सांगते. आपल्याकडच्या पावसात झाकणाचं रबर जुनं असलं की टाकीत पाणी उतरतं, ते जड, तळाशी बसतं, म्हणून पंखाखालनं पारदर्शक कपात थोडं काढून बघायचं. यात एक फसवणूक आहे. कपात नुसतं पाणीच आलं तर वेगळा थर दिसतच नाही, अगदी स्वच्छ वाटतं! म्हणून रंग बघायचा, शंभर एलएल, म्हणजे या छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं, बिनरंगी दिसलं तर थांबायचं. काटा भरलेला दाखवतोय यावर विसंबायचं नाही, काठी घालून मोजायचं. पिटो ट्यूबवर, म्हणजे हवेच्या दाबावरनं वेग मोजणाऱ्या नळीवर, कव्हर राहिलं किंवा आत कुंभारीण माशीनं माती भरली तर वेग चुकीचा दिसतो. आणि मधे कुणी हाक मारली, फोन आला, की परत पहिल्यापासून सुरू करायचं, मधूनच नाही. माझ्या पोरांना मी यावरनं लै बोलते.

उजळाईवाडीकर:
ताई, दादा, आभार. भाचा जेवायला बसलाय, शेजारी बसून सगळं वाचून दाखवलं. निळ्या रंगाचं त्याला माहीत होतं, पण हाक मारली की परत पहिल्यापासून, हे तो करत नव्हता, जिथनं सोडलं तिथनंच धरायचा. सोमवारी परत जातोय, तोवर मी रोज विचारणार आहे.