बेलोरा (अमरावती) ते बिरसी (गोंदिया): हवाई अंतर किती, वेळ किती?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
बेलोरा विमानतळ २०°४८′ उ., ७७°४३′ पू. आणि बिरसी विमानतळ २१°३१′ उ., ८०°१७′ पू. यावरून सरळ रेषेतलं अंतर काढलं तर २९८ किमी येतं. एका नकाशावर मात्र २७८ दिसतं. वीस किमी कुठे गेले? आणि एटीआर ७२ ला (प्रवासी विमान) किंवा सेस्ना १७२ ला (छोटं चार आसनी विमान) किती वेळ लागेल?

उत्तर १
२७८ बरोबर आहे. तुम्ही २०°४८′ म्हणजे २०.४८ धरलं आहे. मिनिटांना ६० ने भागावं लागतं, म्हणजे २०.८०० आणि ७७.७१७, बिरसी २१.५१७ आणि ८०.२८३.

आता अक्षांशातला फरक ०.७२. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, १११.१२ किमी, म्हणून ८० किमी. रेखांशातला फरक २.५७, पण आपल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश आखूड असतो: १११.१२ ला २१.१६° च्या (दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या) कोसाइनने गुणलं की १०३.६ किमी. म्हणजे २६६ किमी. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २७८ किमी, १५० सागरी मैल. एवढ्या कमी अंतराला पृथ्वीच्या गोलाईचं सूत्र लावलं तरी उत्तर हलत नाही.

आणखी एक, सुरुवात विमानतळापासूनच करा. बेलोरा अमरावती शहराच्या दक्षिणेला आहे, बिरसी गोंदियाच्या बाहेर. शहराचा मध्य धरला की आकडा बिघडतो. शोधताना आंध्रातली अमरावती तर आली नाही ना, तेही बघा.

उत्तर २
वेळेचं सांगतो. एटीआर ७२ चा सरळ उड्डाणातला वेग ताशी ५१० किमीच्या आसपास, म्हणून २७८ भागिले ५१० केलं की ३३ मिनिटं. इथेच लोक फसतात. एवढ्या छोट्या टप्प्यात बराच वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, त्यामुळे सरासरी ४०० धरा: ४२ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं-येणं १० मिनिटं. पार्किंग ते पार्किंग ५० ते ५५ मिनिटं.

सेस्ना १७२ ला ११० नॉट (ताशी सागरी मैल) धरले तर १ तास २२ मिनिटं, वर १० मिनिटं चढ-उताराची. वारा पश्चिमेकडून असेल त्या दिवसाचं बघा. परतताना २० नॉट समोरून आला तर जमिनीवरचा वेग ९० आणि वेळ १ तास ४० मिनिटं. इंधन परतीच्या हिशोबाने भरायचं, जातानाच्या नाही.

उत्तर ३
वरच्या दोन्ही उत्तरांत एक भर. ही सरळ रेषा आपल्या मानकापूरच्या जवळून, म्हणजे नागपूर विमानतळाच्या उत्तरेला जेमतेम दहा किमीवरून जाते. हा नियंत्रित हवाई पट्टा आहे. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, रहदारीप्रमाणे नियंत्रक उंची बदलायला किंवा वळसा घ्यायला सांगू शकतात. ५ ते १० मिनिटं त्यासाठी राखून ठेवा.

मे महिन्यात दुपारी तर सेस्ना काढूच नये. ४५ अंशांना सुमारे हजार फूट उंचीवरच्या धावपट्टीवरची हवा जवळपास ४,८०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. पंखांना आणि इंजिनाला बळ कमी, धाव लांबते, चढ मंदावतो. सकाळी सातच्या आत उडावं.

प्रश्नकर्ता
६० ने भागल्यावर २७८ च आले. धन्यवाद भाऊ. तक्त्यात एटीआरसाठी ५५ मिनिटं आणि सेस्नासाठी जाताना १:३५, येताना १:५० लिहितो, वळशाची दहा मिनिटं वेगळी.

उत्तर २
बरोबर. फक्त वारा त्या दिवसाचा घ्या, तक्त्यातला नको.