सगळ्यांसाठी सगळं दाखवणारी सरकारी वाहिनी आता हवीये कशाला?

चाळकरी_तात्या
रविवारी सासुरवाडीला होतो, तिथे फ्री डिश आहे आणि सासरेबुवांनी सकाळपासून दूरदर्शनची सह्याद्री जी लावली ती रात्री झोपेपर्यंत बदललीच नाही. अभंग झाले, मग शेतीचा कार्यक्रम, दुपारी जुनं नाटक, मधे डॉक्टरांना फोन करून विचारा प्रकार, सातच्या बातम्या आणि रात्री कुणीतरी तरुण मुलगी फार छान मारवा गात होती. मला सगळ्यात काय लक्षात राहिलं सांगू का, पशुवैद्य गाईच्या कासदाहावर, म्हणजे कास सुजते त्या रोगावर, बोलत होते ते. धार काढून झाल्यावर सडांची तोंडं थोडा वेळ उघडीच असतात म्हणे, म्हणून सडं जंतुनाशकात बुडवायची आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते, शेणामुतात बसत नाही. मी डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्याकडे साधी मांजर पण नाहीये, तरी शेवटपर्यंत बघितलं. युट्यूब मला जन्मात कधी ही गाय दाखवणार नाही, ते मला आधीच जे आवडतं तेच परत परत दाखवणार. माझं मत, अशी सरमिसळ वाहिनी सरकारी पैशाने चालू राहिलीच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

रिमोटवाली
तात्या, रिमोट सासऱ्यांच्या हातात होता म्हणून बघितलंत हो! स्वतःच्या घरी लावाल का सह्याद्री? खरं सांगा. 1992 ला खाजगी चॅनेल आले आणि लोकांना पहिल्यांदा पर्याय मिळाला तेव्हा एका रात्रीत पळाले सगळे, ते काय उगाच? आणि ज्याच्याकडे खरंच गाय आहे त्याला तो व्हिडिओ गाय आजारी पडेल तेव्हा हवाय, वाहिनीला वेळ असेल तेव्हा नाही. मोबाईलवर दोन मिनिटात सापडतो. तुमच्या करमणुकीसाठी टॅक्सच्या पैशावर स्टुडिओ कशाला चालवायचे?

परभणीकर
@रिमोटवाली सापडतो ना, सापडत नाही कोण म्हणतंय. पण आमच्या इकडं मोबाईलवर शेतीसल्ला देणाऱ्यातले निम्मे एका हातात औषधाची बाटली धरूनच बोलायलेत. कापसावर काय फवारावं विचारलं की उत्तर कायम त्याच बाटलीत. विद्यापीठाचा माणूस टीव्हीवर येतो तो काही विकत नाही, एवढं तरी आहे.
पण तात्या, ते जुन्या आठवणींचं गळे काढू नका बरं का (तुम्ही नाही काढले अजून, पण ह्या धाग्यावर कुणीतरी काढणारच). 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीला दूरदर्शनचं केंद्र सुरू झालं ते मुंबईकरांसाठी, सिंहगडावर टॉवर होता म्हणून पुण्याला दिसायचं. आमच्याकडं छोटे टॉवर आले 84-85 च्या पुढं आन त्याच्यावर दिसायचं दिल्ली. गजरा, चिमणराव ही तिथल्या कार्यक्रमांची नावं आम्ही पेपरात वाचलीत फक्त. मराठवाड्यातला शेतकरी हिंदीतलं कृषिदर्शन बघत बसायचा. ‘सगळ्यांसाठी सगळं’ कधी होतं म्हणे?

वरळी_सीफेस
कुणीतरी काढणारच म्हणालात, घ्या, मी आलोच 😀
आठवड्याला काय नव्हतं सांगा. आमची माती आमची माणसं, कामगार विश्व, किलबिल, युवदर्शन, गुजराती लोकांसाठी संताकुकडी, गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे बातम्या वाचायच्या, प्रदीप भिडेंचा आवाज आला की घरात शांतता व्हायची. आकाशानंदांच्या ज्ञानदीपची तर गावोगाव मंडळं निघाली होती, लोकं कार्यक्रम बघून एकत्र जमायचे आणि काहीतरी काम करायचे. आजच्या कुठल्या चॅनेलमुळे प्रेक्षकांनी उठून काही केल्याचं दाखवा. परभणीकर भाऊ, तुमच्यापर्यंत पोचलं नाही हा अन्याय झालाच, मान्य, पण मग मागणी ‘आम्हाला पण द्या’ अशी हवी ना, ‘बंद करा’ कशी काय?

परभणीकर
बंद करा म्हणलो का मी? नीट वाचा की.

खडूस_पेठकर
सगळे गाईवर आणि गाण्यांवर बोलताय, बातम्यांवर कोणी बोलेना. सातच्या बातम्यांत आरडाओरडा नसतो, आठ चौकटीत आठ जण भांडत नसतात, हे कौतुक मी पण करतो. पण मंत्र्यांनी उद्घाटन केलं, मंत्र्यांनी आढावा घेतला, मंत्र्यांनी निर्देश दिले, हे ऐकून कान किटतात. आणि हे आजच्या सरकारचं नाहीये, आणीबाणीत काय होतं ते आठवा, कुठलाही पक्ष येऊ दे तेच. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, लागू व्हायला 97 उजाडलं, आणि पगाराचे पैसे अजून सरकारच देतं. ज्याच्या हातात तिजोरी त्याला अडचणीचे प्रश्न कोण विचारणार? ब्रिटनमधे बीबीसीला लोक थेट लायसन फी भरतात म्हणून निदान भांडायची सोय आहे. आपल्याकडे पण पूर्वी टीव्हीचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पण ते पैसे जायचे सरकारकडेच, म्हणजे मुसळ केरात. माझं म्हणणं सरळ आहे, आधी स्वायत्तता द्या मग प्रेक्षकांनी प्रेम करावं.

झेडपीवाल्या_बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2020 मधे शाळा बंद होत्या तेव्हा जुलैपासून सह्याद्रीवर टिलीमिली लागायची, पहिली ते आठवी, आपल्याच बालभारतीच्या पुस्तकांवर. माझ्या वर्गात बऱ्याच घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामाला जायचा, ऑनलाइन क्लास कसला नि काय. फ्री डिशला एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे टीव्ही मात्र होता. खूप काही शिकली पोरं असं मी म्हणणार नाही, टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही, तिसरीचा भाग चालू असताना पाचवीतला भाऊ कार्टूनसाठी रडायचा. पण ते नसतं तर काहीच नव्हतं. रिमोटवाली ताई, मोबाईलवर दोन मिनिटात सापडतं हे मोबाईल ज्याच्या हातात आहे त्यालाच.

रिमोटवाली
बाई, हा मुद्दा पटला, खरंच. मूकबधिरांसाठी रविवारच्या बातम्या दूरदर्शनवर 1987 पासून आहेत, ते पण खाजगीवाले करणार नाहीत हे मला माहितीये. मग एवढंच ठेवा ना! शाळा, शेती, मूकबधिर, हवामान, आणि जुना खजिना युट्यूबवर टाकताय तो टाकत रहा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. सिरियली, फिल्मी गप्पा, लावणीचे कार्यक्रम हे बाकीचे पंचवीस चॅनेल करतातच की, आणि चांगल्या पैशात करतात. सरकारी वाहिनीने खाजगीची स्वस्तातली कॉपी करायची आणि त्याला विविधता म्हणायचं?

चाळकरी_तात्या
ताई, कॉपी करू नये हे कबूल. पण फक्त उपयोगाचं दाखवणारी वाहिनी लावणार कोण? वरळीवाल्यांनी वर लिहिलंय बघा, छायागीत आणि शनिवारचा पिक्चर होता म्हणून टीव्ही चालू असायचा, आणि टीव्ही चालू होता म्हणून त्याच्या आधीचं कामगार विश्व बघितलं जायचं. करमणूक काढलीत की उरलेलं औषधाच्या दुकानासारखं होईल, गरज असेल तोच जाणार.

रिमोटवाली
तेव्हा लोक पिक्चरची वाट बघत थांबायचे कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती. आता सासरेबुवा सोडले तर थांबतंय कोण?

झेडपीवाल्या_बाई
माझ्या वर्गातल्या पोरांच्या आज्या थांबतात. दुपारी नाटक लागतं म्हणून बसतात आणि मग पुढचं काय लागेल ते बघतात.

परभणीकर
आमचे वडीलबी. पण नाटक हजारदा दाखवलेलंच असतंय. नवीन नाटकांना पैसे द्या की, परभणी, नांदेडकडची पोरं चांगली नाटकं करायलीत, मुंबईचा माणूस सोडून दुसरं कुणी दिसलं तर मीबी लावीन.

खडूस_पेठकर
पैसे कोण देणार? परत तिजोरीवर आलो.