२०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपन फायनल: खरंच ग्रेट की नुसतीच लांबलेली?

डावखुरा_फोरहँड
परवा जोकोविच-नदाल २०१२ ची फायनल पुन्हा पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत बघितली, ५ तास ५३ मिनिटं, दोन बैठकीत. लाइव्ह बघितली होती तेव्हा यापेक्षा भारी मॅच होणे नाही असं ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, पण या वेळी मधला बराच भाग रेटत रेटत बघितला हे खरं सांगतो. तिसरा सेट ६-२, नदाल बेसलाइनच्या पार मागे, बॉल शॉर्ट पडतायत आणि जोको पुढे येऊन मारतोय, त्यात चुरस अशी काही नाहीच. वर दोन पॉइंटच्या मधला वेळ. टॉवेल, मग बॉल आपटत राहणं, मग परत टॉवेल. तेव्हा स्लॅममध्ये (चार मोठ्या स्पर्धांत) दोन पॉइंटमध्ये २० सेकंदांचा नियम होता आणि दोघंही तो सर्रास ओलांडत होते. २००८ ची विम्बल्डन फायनल यापेक्षा तासाभराने छोटी, ती मात्र मी कधीही कुठूनही लावली तरी उठवत नाही. मग २०१२ ला आपण ग्रेट म्हणतो ते टेनिससाठी की घड्याळाकडे बघून? मी नदालवाला आहे, हरल्याचं दुःख आहेच, पण प्रश्न मनापासून विचारतोय.

क्रॉसकोर्ट
मला तुझं पटतं. लांबी म्हणजेच दर्जा असता तर इस्नर-माहू ही आजवरची सर्वोत्तम मॅच ठरली असती. विम्बल्डन २०१०, ११ तास ५ मिनिटं, तीन दिवस, पाचवा सेट ७०-६८. दोघांच्या जिद्दीला सलामच, पण १८३ गेममध्ये सर्व्हिस ब्रेक झाली, म्हणजे सर्व्ह करणाऱ्याने गेम गमावला, फक्त तीनदा. ११३ एसेस (समोरच्याच्या रॅकेटला न लागलेल्या सर्व्ह) एकाचे, १०३ दुसऱ्याचे. रिटर्न करणाऱ्याला काही करताच येत नव्हतं म्हणून मॅच संपत नव्हती, यात टेनिस किती आणि सहनशक्ती किती? त्याआधीचं उदाहरण १९८४ चं, रिचमंडला विकी नेल्सन आणि जीन हेपनर यांची एक रॅली २९ मिनिटं चालली, ६४३ शॉट्स. रेकॉर्ड म्हणून सगळे सांगतात, त्यातला एखादा शॉट कोणाला आठवतोय का?

उलट बोर्ग-मॅकेन्रो, १९८० ची विम्बल्डन फायनल, चार तासही झाले नव्हते. चौथ्या सेटचा टायब्रेक (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) १८-१६, त्यात बोर्गचे मॅच पॉइंट एकामागून एक हुकत गेले आणि तरी तो पाचवा सेट जिंकला. लोक आजही त्याबद्दल बोलतात ते वेळेमुळे नाही.

रिटर्न_खोल
थांबा जरा. इस्नर-माहू आणि २०१२ एका तराजूत कसे तोलता तुम्ही? तिथे मॅच लांबली कारण रॅलीच होत नव्हत्या, इथे लांबली कारण रॅली संपत नव्हत्या.

आणि डावखुरा, तू चौथा सेट नीट बघितलास का परत? नदाल ३-४ वर सर्व्ह करतोय, ०-४०, म्हणजे जोकोला तो गेम घ्यायच्या तीन संधी (ब्रेक पॉइंट). दोन सेट एक अशी मागे असलेली मॅच, हा गेम गेला की जोको पुढच्या गेमला चॅम्पियनशिपसाठी सर्व्ह करणार. तिथून नदालने सलग पाच पॉइंट घेतले. एकही जोकोने सोडून दिलेला वाटत नाही, मागून येऊन हिसकावलेत ते. लगेच पाऊस आला, छत बंद केलं, आणि टायब्रेकमध्ये ३-५ वरून परत सलग चार पॉइंट. सेट घेतल्यावर तो गुडघ्यावर बसला ना, तसं माणूस फायनल जिंकल्यावर बसतो!

मागचा हिशेबही धरा की. २०११ मध्ये याच जोकोविचकडून नदाल सहा फायनल हरला होता, त्यात विम्बल्डन आणि यूएस ओपनही. आणि जोको दोनच दिवसांपूर्वी सेमीफायनलला मरेशी ४ तास ५० मिनिटं खेळून आलेला. म्हणजे एकाचं मन घायाळ, दुसऱ्याचे पाय गेलेले. हे माहीत असलं की तिसरा सेटसुद्धा रटाळ वाटत नाही, नदाल परत तिथेच चाललाय की काय ही धास्ती वाटते.

नेटकॉर्ड
वेळकाढूपणाबद्दल डावखुराचं बरोबर आहे, दोन्ही बाजूंनी झाला. २०१८ च्या यूएस ओपनपासून मुख्य ड्रॉमध्ये २५ सेकंदांचं घड्याळ कोर्टवर आलं ते बरंच झालं. पण मला वाटतं तुम्ही सगळे पूर्ण मॅचला एकच मार्क द्यायला बघताय आणि गडबड तिथेच होतेय. पाच सेट सारखेच उंचीवर असलेली मॅच मी तरी बघितलेली नाही. २०२५ ची पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची फायनल घ्या, अल्काराझ-सिनर, ५ तास २९ मिनिटं. पहिले दोन सेट सिनरचे, तेव्हा कोणी ग्रेट म्हणत नव्हतं. चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४०, सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, आणि तिथून अल्काराझ वाचला. शेवटचा टायब्रेक १०-२. एकूण पॉइंट मोजले तर सिनरचा एक जास्त, १९३-१९२, आणि तो हरला. मागची साडेतीन तासांची भर नसती तर त्या ०-४० ला छातीत धडधडलं असतं का?

म्हणून माझी कसोटी एवढीच आहे: वेळ जसा वाढत गेला तसा प्रत्येक पॉइंट जड होत गेला की हलका. इस्नर-माहूत ३०-३० नंतर गेम मोजायचंसुद्धा सुटलं, स्कोअरबोर्डपण ४७-४७ ला बंद पडला. २०१२ मध्ये उलट होतं.

क्रॉसकोर्ट
ही कसोटी मान्य. तरी २०१२ दोघांच्या सर्वोत्तम खेळाची मॅच नव्हती यावर मी ठाम आहे, विनर्सपेक्षा (थेट पॉइंट मिळवणाऱ्या शॉटपेक्षा) अनफोर्स्ड एरर (दबाव नसताना केलेल्या चुका) जास्त होते दोघांचेही. २००८ मध्ये फेडरर-नदाल दोघंही अंधार पडेपर्यंत शॉट मारत होते, इथे शेवटच्या तासात दोघं चुकू नये म्हणून खेळत होते.

रिटर्न_खोल
पाचव्या सेटला ४-४ ची ती तीसेक शॉट्सची रॅली बघ. जोकोचा बॅकहँड बाहेर गेला आणि तो तिथेच आडवा झाला, पाठीवर, हात पसरून. चुकू नये म्हणून खेळणारी माणसं अशी पडत नाहीत रे. उठला, आणि तीन गेमनंतर कप त्याचा. बक्षीस समारंभात दोघांना उभं राहवेना म्हणून खुर्च्या आणून दिल्या.

डावखुरा_फोरहँड
चौथा सेट आत्ताच ३-४ पासून परत लावला. तिसरा सेट मला अजूनही जमत नाही, पण ०-४० चा गेम चुकीच्या मूडमध्ये बघितला होता मी, दमून, रात्री उशिरा. आता दुसऱ्याच ब्रेक पॉइंटला श्वास रोखून बसलो, निकाल माहीत असून.

मग पाचवा सेटही लावला आणि नदाल ४-२ ने पुढे, ३०-१५ असताना थांबवला. कोर्ट रिकामं आहे, जोको भलतीकडे आहे, नदालला फक्त बॅकहँड लाइनच्या आत टाकायचाय, आणि तो बाहेर जातो. ४०-१५ झालं असतं, मग कदाचित ५-२. हा एक शॉट मी आज दहा वेळा मागे नेऊन बघितलाय. दुसऱ्या तासात तो शॉट त्याने डोळे मिटून आत टाकला असता, पाचव्या तासात नाही गेला.