केर्न्सची स्कायरेल: खरंच पर्यावरणपूरक?

प्रश्न: जूनमध्ये आईबाबांना घेऊन ऑस्ट्रेलियात केर्न्सला जातोय. आईचे गुडघे दुखतात, पण जंगल बघायचंच म्हणते. तिथल्या स्कायरेल या केबल कारचा जंगलाला त्रास नाही म्हणतात, ते खरं की जाहिरात?

मेलबर्नकर: आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. केर्न्सजवळचं स्मिथफील्ड ते डोंगरातलं कुरांडा गाव, ७.५ किमी. १९९५ साली सुरू झाली. खांबांसाठी जंगलात रस्ता काढला नाही, सामान हेलिकॉप्टरनं उतरवलं, कामगार पायी जायचे. तरी बांधताना विरोध झालाच होता, आणि चुकीचा नव्हता. खांबांपुरती झाडं गेलीच की. पण डोंगरात रुंद रस्ता काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पाळणा झाडांच्या शेंड्यांवरून सरकतो, फांद्यांच्या बेचक्यात टोपलीएवढे नेचे दिसतात, ओल्या पाल्याचा वास आत येतो. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या आंबोलीसारखं!" रेड पीकला उतरून पाळणा बदलायचा. तिथं लाकडी पायवाट आहे, आईंना जमेल.

प्रश्नकर्ता: आणि वाटेतला बॅरन धबधबा?

पुण्याचा पक्षीवेडा: जूनमध्ये पाणी कमी. पावसाळा तिकडे डिसेंबर ते मार्च, शिवाय पाणी वीजनिर्मितीला वळवतात. परतीला कुरांडाहून १८९१ च्या मार्गावरची रेल्वे घ्या, बाबा खूश होतील.